शिवणीतली माया

सणवार जवळ आले की घरातल्या वृद्धांसाठी कपडे आणण्याची लगबग सुरू होते. मुलगा सदरा आणतो, सून साडी आणते, परगावची लेक गाऊन पाठवते. देणाऱ्याचे प्रेम खरे असते आणि घेणाऱ्याचा आनंदही खरा असतो. परंतु अशा घरांत काही महिन्यांनी तपासणीसाठी जावे, तर कपाट काठोकाठ भरलेले असते, नव्या कपड्यांची घडीही मोडलेली नसते आणि आजोबांच्या अंगावर मात्र तीच विरलेली बंडी व तोच जुना लेंगा असतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "कपडे छान आहेत हो, पण घालायला होत नाहीत."

वाचकहो, या उत्तराला आपण हट्ट किंवा काटकसर समजतो. वैद्यकीयदृष्ट्या ते एक लक्षण आहे. बाजारातला तयार कपडा काही गोष्टी गृहीत धरून शिवलेला असतो. हात डोक्याच्या वर जातील, बोटे लहान बटण काजात घालतील, कंबर वाकेल, एका पायावर क्षणभर तोल राहील, हे सारे त्यात धरलेले असते. पंचाहत्तरीच्या शरीराला यातले काही ना काही जमत नसते. अशा वेळी आणखी एक नवा कपडा आणल्याने अडचण सुटत नाही, कपाटातील गर्दी तेवढी वाढते. म्हणून माझे सुचवणे असे आहे की, ज्या घरात वृद्ध आहेत त्या घराने वर्षभर त्यांच्यासाठी कपड्यांची खरेदी थांबवावी आणि आहेत तेच कपडे त्यांच्या आजच्या शरीराला जुळते करून घ्यावेत.

कपडे घालणे ही एक क्षमता

१९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह वृद्धांचे स्वावलंबन मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. स्नान, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, अशी सहा कामे तिच्यात आहेत. ही मोजपट्टी आजही वापरली जाते. साधारणपणे स्नान आणि कपडे घालणे या दोन कामांत परावलंबन आधी येते, तर स्वतःच्या हाताने जेवणे बहुधा सर्वांत शेवटपर्यंत टिकते.

कपडे घालताना खांदा, कोपर, मनगट, बोटे, कंबर आणि गुडघे या सर्वांची हालचाल होते. तोल सांभाळावा लागतो, क्रम आठवावा लागतो. हा रोजचा विनासायास व्यायामच म्हणावा. घाईपोटी आपण तो त्यांच्या हातून काढून घेतो. त्यांना पंधरा मिनिटे लागतात, आपण घातले तर तीन मिनिटांत होते. परंतु सोडून दिलेले काम हात लवकर विसरतात. म्हणून कपड्यात करावयाच्या प्रत्येक बदलाचा हेतू एकच असावा: त्यांना ते स्वतः घालता आणि काढता यावे.

शिंप्याकडे जाण्यापूर्वी

आधी एक सकाळ केवळ निरीक्षणाला द्यावी. मदत न करता, पण पडू नयेत इतक्या जवळ राहून, त्यांना कपडे बदलू द्यावेत. हात कुठे अडतो, कोणत्या बटणापाशी बोटे थांबतात, कोणत्या क्षणी त्या भिंतीचा आधार शोधतात, हे टिपून ठेवावे. अडचण नेमकी कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती वाया जाते.

त्यानंतर कपाट रिकामे करून कपड्यांचे चार गट करावेत. सहज घालता येतात ते, आवडतात, पण घालता येत नाहीत ते, कधीच न घातलेले, आणि आठवणीचे. दुसरा गट महत्त्वाचा, कारण दुरुस्ती त्याच कपड्यांची करायची आहे. तिसऱ्या गटातील कपडे गरजूंना द्यावेत किंवा दुरुस्तीसाठी कापड म्हणून वापरावेत. आठवणीचा शालू, लग्नातला कोट, कोणाच्या तरी हातचा स्वेटर यांना त्यांच्या परवानगीवाचून कात्री लावू नये. किंबहुना कोणत्याही कपड्याला लावू नये.

येथे जुन्या कपड्यांचा एक गुण सांगायला हवा. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपीकामात 'माया' म्हणतात. ओळखीच्या शिंप्याकडे शिवलेल्या ब्लाउज-सदऱ्यांत ही माया सढळ हाताने ठेवलेली असे, त्यामुळे ते उसवून सैल करता येतात. कारखान्यातल्या तयार कपड्यांत शिवणीला लागून कापड छाटलेले असते, तेथे वाव फारसा राहत नाही. शिवाय अनेक धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड वृद्धांच्या नाजूक, कोरड्या त्वचेला नव्या खळीच्या कापडापेक्षा अधिक मानवते.

खांदे आणि बोटे

मधुमेही व्यक्तींत खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. अशा खांद्याचा हात ना धड वर जातो, ना पाठीमागे. डोक्यातून घालायचा झब्बा त्यांना छळतो. तो पुढून गळ्यापासून खालपर्यंत उघडून दोन्ही बाजूंना पट्टी लावून घ्यावी, म्हणजे तो कोटासारखा घालता येतो. बंद गळ्याचा स्वेटरही असाच मधोमध कापून, कडांना कापडी पट्टी शिवून पुढून उघडा करता येतो. धागे उसवू नयेत म्हणून कापण्याआधी दोन्ही बाजूंना शिलाई मारून घ्यावी. ब्लाउजचा मुंढा तंग होत असेल तर आतली माया सोडावी. माया नसेल तर बगलेत चौकोनी कळी जोडावी. मागे हुक असलेले ब्लाउज पुढून उघडे करून घेणे हे तर पहिले काम.

संधिवाताने बोटे वाकलेली असतील किंवा कंपवाताने हात थरथरत असेल, तर लहान बटणे ही रोजची परीक्षा ठरते. येथे वेलक्रोची पट्टी उपयोगी पडते. काज शिवून बंद करावे, बटण त्याच्यावरच पक्के करावे आणि आत वेलक्रोचे छोटे तुकडे लावावेत. बाहेरून सदरा पूर्वीसारखाच दिसतो आणि इतरांना बदल कळतही नाही. वेलक्रोची खरखरीत बाजू त्वचेकडे येऊ देऊ नये, आणि धुताना ती चिकटवूनच धुवावी, नाहीतर तिच्यात धागे अडकून पकड जाते. टिचबटणे सोपी वाटतात, परंतु ती दाबायला बोटांच्या टोकात जोर लागतो. दुखऱ्या बोटांसाठी ती योग्य नाहीत. चेनच्या टोकाला फितीचा फासा बांधला तर तीत बोट अडकवून ती ओढता येते.

अर्धांगवायू झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत एक नियम घरातील सर्वांनी पाठ करावा: घालताना दुबळी बाजू आधी, काढताना दुबळी बाजू शेवटी. दुबळा हात ओढून बाहीत कोंबू नये. बाही चुण्या करून आधी त्या हातावर चढवावी आणि मग कपडा पाठीमागून निरोगी बाजूकडे आणावा. दुबळ्या बाजूची बाही थोडी रुंद करून घेतली तर हे काम रुग्णाला पुष्कळदा एकट्यानेही जमू लागते.

नाडीची गाठ

माझ्या पाहण्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांचे कपडे दिवसातून दोन-तीनदा ओले होऊ लागले. घरच्यांनी डायपर सुरू करण्याविषयी विचारले. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग नव्हता, प्रोस्टेटची वाढही त्रास देण्याइतकी नव्हती. बारकाईने विचारल्यावर कळले की ते शौचालयापर्यंत वेळेवर पोहोचत होते, पण लेंग्याच्या नाडीची गाठ सुटत नव्हती. घाईत ओढले की ती अधिकच आवळली जाई. त्यांच्या सर्व लेंग्यांच्या नेफ्यातून नाडी काढून रुंद इलास्टिक घातले आणि प्रश्न बहुतांशी मिटला. अपमान वाटून त्यांनी दुपारनंतर पाणी पिणे सोडले होते, तेही पुन्हा सुरू झाले.

लघवीवर ताबा न राहण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांची तपासणी झालीच पाहिजे. परंतु मूत्राशय ठीक असूनही केवळ गाठ, बटण किंवा हालचालीतील संथपणा यांमुळे वेळ गाठता न येणे हेही त्यांतले एक वारंवार आढळणारे कारण आहे. डायपरचा निर्णय घेण्यापूर्वी नाडीकडे एकदा जरूर पाहावे.

स्त्रियांच्या परकराची नाडी हा वेगळा विषय आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधलेल्या नाडीने कंबरेला काळा पट्टा पडतो, त्वचा जाड होते, खाज सुटते, घामाने तेथे बुरशी वाढते. क्वचित याहून गंभीर घडते. धोतराच्या घट्ट काच्यामुळे कंबरेच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. एक साडीखाली घट्ट परकर बांधणारी होती, तर दुसरी कंबरेला घट्ट लुगडे नेसणारी. दोघींच्या कंबरेवरची जखम दीर्घकाळ न भरता राहिली आणि तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र कंबरेवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर मलमे बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावी.

उपाय सोपा आहे. परकराला चार बोटे रुंद कापडी पट्टा लावावा किंवा नेफ्यात एक ते दीड इंच रुंदीचे मऊ इलास्टिक घालावे. इलास्टिक आणि कंबर यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. तंग कमरपट्ट्याने मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरता किंवा जळजळ होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

घेर आणि लांबी

वयाबरोबर उंची कमी होते. मणके खचले आणि पाठीला पोक आले, तर परकर, गाऊन किंवा लेंगा पुढच्या बाजूने जमिनीला टेकू लागतो आणि पायात येतो. वीस वर्षांपूर्वीच्या मापाचा गाऊन आज पडण्याचे कारण ठरू शकतो आणि या वयातील पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे. लांबीचे माप उभे राहून, नेहमीच्या पोकासह आणि घरातल्या चपला घालून घ्यावे. कड घोट्याच्या वर राहावी. पुढून अधिक आणि मागून कमी दुमड घ्यावी लागेल. शिंप्याला ते विचित्र वाटले तरी तसेच घ्यावे.

लेंगा, परकर, मोजे हे नेहमी बसून घालावेत. पलंगाच्या कडेला पाय जमिनीवर टेकून बसणे उत्तम. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अचानक उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून कपडे घालून झाल्यावर क्षणभर थांबून मगच उठावे.

देवघरातील समई आणि स्वयंपाकघरातील शेगडी यांपाशी सैल पदर व रुंद बाह्या धोक्याच्या असतात. पदर खोचण्यासाठी कंबरेला एक कापडी फासा शिवून घ्यावा, बाह्या मनगटापासून वर घ्याव्यात. नायलॉनसारखे कापड पेटल्यावर वितळून त्वचेला चिकटते. सुती कापडही पेटतेच, पण असे चिकटत नाही. पूजेसाठी आणि स्वयंपाकासाठी सुतीच बरे.

ओळखीचा कपडा

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका आजींना सोयीसाठी गाऊन घालायला दिला गेला. जन्मभर नऊवारी नेसलेल्या त्या बाई. पाहुणे आले की त्या खोलीचे दार लावून घेत, व्हरांड्यात चालण्याचा व्यायामही करीत नसत. घरच्यांना वाटले, भीती बसली आहे. खरे तर त्यांना तशा वेशात कोणासमोर यायचे नव्हते. त्यांच्याच संमतीने दोन जुनी लुगडी निवडली. शिंप्याने निऱ्या व काष्टा कायमचे शिवून, कंबरेला इलास्टिक घालून ती पायजम्यासारखी चढवता येतील अशी करून दिली. पदर खांद्यावर तसाच राहिला. पाचवारीही अशीच दोन भागांत शिवून घेता येते. काही दिवसांतच आजी काठी घेऊन दारापर्यंत येऊ लागल्या.

शुश्रूषा करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. संकोचामुळे माणूस घरात बसतो, बसल्यामुळे स्नायू क्षीण होतात, आणि एकटेपणा वाढतो. सोय पाहताना त्या व्यक्तीची ओळख हरवणार नाही, याची काळजी घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला तर ओळखीचा कपडा फारच आधार देतो. कपाटातील गर्दी कमी करून मोजकेच जोड समोर ठेवावेत. घालण्याच्या क्रमाने ते पलंगावर मांडावेत. 'काय घालता?' असे विचारण्यापेक्षा 'हा निळा की हा पांढरा?' असे विचारावे. एकाच सदऱ्याचा आग्रह धरला तर वाद घालू नये. त्याच्याशी मिळताजुळता दुसरा सदरा असेल तर तो धुण्याच्या दिवशी पुढे करावा. अशा व्यक्ती वारंवार कपडे काढू लागल्या तर रागावण्यापूर्वी कारण शोधावे. उकाडा, टोचणारे लेबल, तंग नेफा किंवा लघवीची भावना यांपैकी काहीतरी सापडते.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी

सतत झोपून असलेल्या रुग्णाचे जुने सदरे व गाऊन पाठीकडून मधोमध कापून, दोन्ही कडा एकमेकींवर येतील अशा शिवून घ्याव्यात आणि मानेपाशी बंद लावावा. रुग्णाला उचलून बसवावे न लागता असा कपडा समोरून घालता येतो. पाठीखाली बटण, गाठ, जाड शिवण किंवा चुणी राहू देऊ नये, कारण तेथेच त्वचा लाल होऊन पुढे शय्याव्रण होतो. मऊ सुती साड्या आणि धोतरे यांच्या आडव्या चादरी उत्तम होतात. त्या सहज बदलता येतात आणि कूस वळवतानाही कामी येतात. मात्र कापडाची चुंबळ करून टाचेखाली किंवा माकडहाडाखाली ठेवू नये. तिच्या कडेचा दाब उलट रक्तपुरवठा अडवतो. उघड्या जखमेवरही घरातले जुने कापड बांधू नये.

कपडा आजार सांगतो तेव्हा

आल्टरेशनच्या निमित्ताने काही गोष्टी अकस्मात लक्षात येतात. लेंगा कमरेत सैल झाला म्हणून लगेच आत घेऊ नये. आधी वजन करावे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा वीसावा भाग, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीचे तीन किलो, कमी झाला असेल तर मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य, दातांच्या तक्रारी यांचा विचार करून तपासण्या कराव्या लागतात. उलट, जेवण तेवढेच असताना परकर तंग होऊ लागला, मोज्यांचे खोल वळ उमटू लागले, तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांची तपासणी हवी.

बटण लावणे महिनोन्महिने हळूहळू अवघड होत असेल, सोबत अक्षर बारीक झाले असेल, तर कंपवाताची शंका येते. हातांना बधिरता आणि चालण्यात अडखळणे असेल, तर मानेच्या मणक्यात दाब असू शकतो. परंतु काल सहज बटण लावणारा हात आज अचानक निकामी झाला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेव्हा घरी मालिश करीत बसू नये.

काय मात्र नवे घ्यावे

खरेदी थांबवण्याच्या नियमाला अपवाद आहेत. अंतर्वस्त्रे, घट्ट इलास्टिक नसलेले मोजे आणि मागे पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला यांत काटकसर करू नये. झिजलेल्या तळव्याच्या चपलेला कोणतीही शिवण वाचवू शकत नाही. थंडीसाठी मात्र एका जाड कोटाऐवजी घरातलेच दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले अधिक ऊब देतात आणि दुपारी उतरवायलाही सोपे पडतात.

ज्या आजींना शिवणाची आवड आहे त्यांना हे काम अवश्य करू द्यावे. उजेड भरपूर असावा, दोरा नातवंडांनी ओवून द्यावा. बोटे बधिर असलेल्या मधुमेहींनी अंगुस्तान घालूनच सुई धरावी आणि सुया मोजून परत ठेवाव्यात.

सगळे कपाट एका दिवसात पालटण्याचा उत्साह धरू नये. या पंधरवड्यात एकच कपडा निवडावा, त्यांना सर्वांत आवडणारा आणि सर्वांत अडणारा. अडचण त्यांच्याच तोंडून ऐकावी आणि शिंप्याकडे जाताना शक्य असेल तर त्यांनाही सोबत न्यावे. दुरुस्त केलेला कपडा त्यांनी आठ दिवस वापरावा. तो मदतीशिवाय घालता आला, तरच दुसऱ्या कपड्याला कात्री लावावी.